तोंडात धरलेला घोट

आप्पांचा फोन सकाळी, मी बँकेत निघायच्या गडबडीत असताना आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. फोन ही त्यांच्या लेखी दुसऱ्यानं करायची गोष्ट. "सुनी गेली गं," ते म्हणाले. मग, "काहीतरी खाऊन नीघ. हितं लई वेळ लागंल." एवढंच. मुलगी गेल्याचं सांगताना बाप खाण्याचं काय बोलतो, असं कुणाला वाटेल. पण आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी उपाशीपोटी उंबरा ओलांडलेला नाही. सुनीला लहानपणापासून साखरेचा आजार. इन्सुलिन टोचलं आणि वेळेवर पोटात काही गेलं नाही, तर ती रस्त्यात कोसळायची. म्हणून तिच्यापुरता केलेला नियम हळूहळू सगळ्या घराला लागला; दारात आलेल्या वायरमनलाही आप्पा आधी विचारायचे, "खाल्लंय न्हवं?" जिच्यासाठी तो नियम होता ती गेली, हे सांगतानाही त्यांच्या तोंडून नियमच निघाला. मी ओट्याशी उभी राहून अर्धी पोळी खाल्ली. मग रिक्षा केली...

सुनीता माझी धाकटी बहीण. वयानं पस्तिशीच्या आतली. पुरवणीत ज्यांच्यावर असे लेख येतात त्यांना पुरस्कार मिळालेले असतात, त्यांच्या नावानं व्याख्यानं होतात. सुनीला आयुष्यात एकच बक्षीस मिळालं, लिंबू-चमच्याच्या शर्यतीत, आणि तेही आजारी मुलांच्या मेळाव्यात. घरी साड्यांना फॉल-पिको करून ती पोट भरायची. मी आमच्या अख्ख्या भावकीतली पहिली पदवीधर. बी.कॉम., तेही स्वारगेटला बस बदलत, उभ्यानं अभ्यास करत केलेलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. लिहिता येणारं आमच्यात दुसरं कुणी नाही, म्हणून मी लिहितेय. गोड शेवट माझ्याकडे नाही. तो हवा असेल त्यांनी इथंच पान उलटलेलं बरं.

सुरुवात तहानेनं झाली. सुनी तिसरीत होती. आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. मूळ गाव कात्रजच्या पलीकडचं, आता शहरानं गिळलेलं. आप्पा डेअरीत दुधाचे कॅन धुवायच्या खात्यात होते. सुनी शाळेतून यायची ती दप्तर न काढता माठाशी उभी राहायची आणि पेल्यामागून पेले रिचवायची. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. आई आधी ओरडली, मग तिनं एक दिवस माठावर परात पालथी घातली आणि वर वरवंटा ठेवला. पोरगी पाण्यासाठी शेजारी जायला लागली. आठवडाभरात ती बेशुद्ध पडली तेव्हा कळलं, की ही मोठ्या माणसांना होते ती साखर नव्हे. लहान मुलांना होणारी ही वेगळी. हिच्यात शरीर इन्सुलिन तयार करणंच बंद करतं, आणि इंजेक्शनशिवाय माणूस जगत नाही. ना गोळी चालते, ना पथ्य पुरतं. रोज, जन्मभर, सुई. तो वरवंटा आईनं नंतर कधी वाटायला घेतला नाही. आमच्याकडे पुढं मिक्सर आला त्याचं कारण हे आहे.

शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांचा विभाग होता. नाव लिहीत नाही, त्यानं काही बदलणार नाही. तिथल्या डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. आई त्यांच्यापुढं डोळ्यांना पदर लावून रडायला बसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "रडून साखर उतरत असती, तर मी तुम्हाला इंजेक्शन शिकवायला कशाला बसले असते? मोसंबी आणलीत का?" मोसंबीत सुई टोचून आई शिकली. तिला अंक वाचता येत नव्हते, पण सिरिंजवरच्या रेघा ती मोजू शकायची. फ्रिज नव्हता, तर पाण्यानं भरलेल्या लहान मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनची कुपी ठेवायची हेही बाईंनीच सांगितलं. पुढं आप्पांनी टीव्हीच्या आधी फ्रिज घेतला. आमच्याकडे अंडं चालत नाही, त्यामुळे दारातल्या अंड्यांच्या खाचांत कुप्या बसल्या, जणू कंपनीनं त्यासाठीच त्या केल्या असाव्यात. आणि घरातल्या प्रत्येकाच्या खिशात साखरेची पुडी आली. सुनीला घाम फुटला, ती असंबद्ध बोलायला लागली, की पुडी तिच्या तोंडात रिकामी करायची. आप्पांच्या खुंटीवरच्या सदऱ्याला कायम मुंग्यांची रांग लागलेली असायची. डेअरीतली माणसं त्यांना विचारायची, "काय पैलवान, दूध इथलं, साखर घरची?"

मुलांच्या त्या विभागात आजारपणाला एक घरपण होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. भिंतीवर कुणीतरी रंगवलेला हत्ती होता, त्याची सोंड पाण्याच्या नळापाशी संपायची. उशीर झाला तर शिपाई नावानं ओरडायचा. फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाला खटकली नाही. बाई प्रश्न सुनीला विचारायच्या आणि उत्तर आई द्यायची. "काल काय जेवलीस गं?" "अर्धी भाकर आन् मेथी." "शाळेत चक्कर आली?" "एकडाव आली, पीटीच्या तासाला." बाई चष्म्यावरून बघायच्या. "पेशंट मुकी आहे का?" सगळे हसायचे, सुनीही हसायची. इंजेक्शन आई द्यायची, डोस आईच्या डोक्यात, तारीख आईच्या लक्षात. सुनी फक्त दंड पुढं करायची. दहा वर्षं हे असंच हसण्यावारी गेलं.

अठरा पूर्ण झालेल्या मुलांना तिथं निरोप द्यायची पद्धत होती. गुलाबाचं फूल, स्टीलची बाटली, हत्तीपुढं उभं करून एक फोटो, आणि मोठ्यांच्या ओपीडीसाठी एक चिठ्ठी. बाई म्हणाल्या, "आजपासून तुम्ही मोठे झालात. आता इथं यायचं नाही, समोर जायचं." समोर म्हणजे खरोखरच समोर. दोन इमारतींच्या मधे एक बोळ होता, एक रुग्णवाहिका जेमतेम जाईल एवढा, आणि त्यात कडुनिंबाखाली एक सिमेंटचं बाकडं. अलीकडे मुलांचा विभाग, पलीकडे मोठ्यांचा. लहान मूल चेंडूमागं धावत ओलांडेल एवढं अंतर. सुनीला ते एकटीनं ओलांडायला चार वर्षं लागली.

पहिल्या दिवशी आई तिला घेऊन गेली. रांगेत सगळे पोटं सुटलेले काका, गुडघे धरून बसलेल्या आज्या. तासाभरानं नंबर लागला. डॉक्टर तरुण होता. वाईट नव्हता, पण त्याच्या दारात एवढी माणसं होती की त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यानं विचारलं, "पेशंट कोण?" आई म्हणाली, "ही." तो म्हणाला, "मग तुम्ही बाहेर थांबा." आई बाहेर आली आणि दार लागलं. आत काय झालं ते सुनीनं मला फार नंतर सांगितलं. त्यानं विचारलं, किती युनिट घेतेस. तिला सांगता येईना. रोज दोनदा जी गोष्ट अंगात जायची, तिचा आकडा तिनं कधी तोंडानं उच्चारलेला नव्हता. ती दाराकडे बघत राहिली. "तिथं लिहिलेलं नाहीये," डॉक्टर म्हणाला. तपासण्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

खरा घोळ त्यानंतर झाला. बाहेर रांगेत आप्पांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, उभे होते. मुलांच्या विभागात आमच्या ओळखीचं कुणी कधी भेटलं नव्हतं; भावकीत दुसऱ्या कुणाच्या लेकराला हा आजार नव्हता. पण मोठ्यांची साखर म्हणजे अर्धं गाव तिथंच. तात्या म्हणाले, "वहिनी, तुम्ही हिकडं? कुणाला निघाली साखर?" आईनं क्षणभर सुनीकडे पाहिलं. "मला," ती म्हणाली. "ही सोबतीला आलीय." ... आईला मी यात वाईट म्हणणार नाही. सुनी अठरा वर्षांची, दिसायला आम्हा दोघींत उजवी. भावकीत बातमी फुटली असती तर स्थळ म्हणून दारात कुणी उभं राहिलं नसतं. आईनं ठरवलं, लग्न होईस्तोवर त्या रांगेत पाऊल ठेवायचं नाही. मोठ्या बाईंनी शेवटी लिहून दिलेला डोस होताच. लांबच्या पेठेतल्या एका औषधाच्या दुकानातून, जिथं कुणी ओळखत नाही, जुन्या कागदाच्या झेरॉक्सवर इन्सुलिन यायचं. मुलगी अठराची बावीस वर्षांची झाली, अंगानं भरली, आणि डोस तोच राहिला. मी तोवर लग्न होऊन धनकवडीला गेले होते. विचारलं की आई म्हणायची, "जाऊन आलो की." तपासणी नाही, रक्त नाही, लघवी नाही. आई मात्र रोज सकाळ-संध्याकाळ रेघा मोजून सुई देत होती, एकही वेळ न चुकवता. इतक्या निष्ठेनं चुकीची गोष्ट करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मग हडपसरकडचं एक स्थळ आलं. मुलगा कंपनीत, घर स्वतःचं. मी त्या दिवशी माहेरी होते. पोहे झाले, पेढे फिरले. मुलाच्या आत्यानं सुनीच्या कपाकडे बघून सहज विचारलं, "मुलगी चहात साखर घेत नाही वाटतं? फिगर सांभाळते?" सगळे हसले. आईनं तोंड उघडलं होतं, उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, मला दिसत होतं. तेवढ्यात सुनी म्हणाली, "नाही हो. मला साखर आहे. लहानपणापासून. दोन वेळा इंजेक्शन घेते." इतक्या सरळ आवाजात, जणू वय सांगावं. आमच्या घरात त्या विषयावर ती स्वतःहून बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "बरं झालं सांगितलंत," मुलाचे वडील म्हणाले, आणि थोड्या वेळानं मंडळी उठली. आणलेला नारळ खुर्चीखाली तसाच राहिला. आई त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई सिरिंज घेऊन आली, तर सुनीनं तिच्या हातातून ती काढून घेतली. "दे. माझं मी टोचते." आणि आठवड्यात ती एकटी बोळ ओलांडून गेली.

आता डॉक्टर दुसरा होता. तपासण्या झाल्या. लघवीतून प्रोटीन जात होतं. म्हणजे मूत्रपिंडांना आतून चरा पडलेला होता. डॉक्टरनं जुनी चिठ्ठी बघितली, तिच्यावरची तारीख बघितली. "मधली चार वर्षं तुम्ही होतात कुठे?" सुनी म्हणाली, "इथंच. समोर." त्याला वाटलं ती उद्धट आहे. ती उद्धट नव्हती. तिच्यापाशी तेवढंच खरं उत्तर होतं.

त्या दिवशी बाहेर येऊन ती बाकड्यावर बसली, तिथून पुढं तिनं जे केलं त्यासाठी हा लेख आहे. अलीकडच्या दारातून फूल आणि बाटली घेऊन एक मुलगी बाहेर पडत होती, सोबत तिची आई. दोघी पलीकडच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या आणि वळून बसस्टॉपकडे चालायला लागल्या. सुनीनं त्यांना हाक मारली... पुढं ती मोठ्या बाईंना जाऊन भेटली. म्हणाली, निरोप देता ना, त्या पोरांना माझ्या ताब्यात द्या. बाई म्हणाल्या, "तू कोण? समाजसेविका झालीस?" सुनी म्हणाली, "नाही. मी वाया गेलेली आहे. मला रस्ता माहीत आहे." बाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणे. आणि दर गुरुवारी, ओपीडीच्या दिवशी, सुनीचं बाकडं सुरू झालं.

तिची पद्धत तिनं स्वतः काढलेली होती, कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मुलाला बाकड्यावर बसवायचं, शेजारी आईला. आईच्या हातात पाण्याची बाटली द्यायची आणि सांगायचं, एक घोट घ्या, पण गिळायचा नाही. तोंडात धरायचा. मग सुनी डॉक्टर व्हायची. "पेशंट कोण?" पोरगं आईकडे बघायचं. आई गाल फुगवून, डोळे मोठे करून, हातवारे करत. "तिकडं बघू नकोस, तिच्या तोंडात पाणी आहे. पेशंट कोण?" "मी." "मी म्हणजे कोण, महापौर?" मग पोरगं नाव सांगायचं, आजार सांगायचं, डोस सांगायचं, शेवटची तपासणी कधी झाली ते सांगायचं. अडलं की आईचा जीव कासावीस व्हायचा; उत्तर तिला येत असायचं आणि तोंड बंद. काही आया घोट गिळून टाकायच्या आणि बोलून जायच्या. सुनी शांतपणे बाटली पुढं करायची, "घ्या, पुन्हा धरा." प्राजक्ता नावाची कात्रजची एक मुलगी होती, तिची आई पहिल्या दिवशी बाटलीभर पाणी प्यायली, पण लेकीला एक उत्तर देऊ देईना. सुनी म्हणाली, "काकू, तुमचं किडनीचं काम उत्तम आहे, पेशंटचं बघू या आता." पाचव्या गुरुवारी काकूंनी शेवटपर्यंत पाणी धरलं. प्राजक्तानं सगळं बिनचूक सांगितलं आणि काकूंना हसू फुटलं, ते सगळं पाणी सुनीच्या साडीवर. बोळातून जाणारा स्ट्रेचरवाला थांबून हसला. सुनी त्या दिवशी घरी येऊन मला फोन करून सांगत होती, "अक्का, आज माझ्यावर अभिषेक झाला."

पोरं तयार झाली की ती त्यांना घेऊन पलीकडे जायची, दाराबाहेर उभी राहायची, आत जायची नाही. रांगेत ओळखीचं कुणी भेटलंच, तर काय म्हणायचं तेही तिनं शिकवून ठेवलेलं होतं: "मला आहे. तुम्हाला किती आहे?" समोरचा गप्प होतो, असा तिचा अनुभव. तात्यांवर तिनं हे स्वतः करून पाहिलं होतं.

इथपर्यंत वाचून कुणाला बरं वाटलं असेल, तर मला पुढचं लिहिणं भाग आहे. पोरं पलीकडे पोचायची, पण टिकायची नाहीत. पलीकडे दर सहा महिन्यांनी डॉक्टर बदलायचा, आणि पोरांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. कुणाला कंपनीत नोकरी लागायची आणि गुरुवारची रजा मिळायची नाही. कुणी हॉस्टेलला गेलं, मित्रांपुढं सुई नको म्हणून सकाळचा डोस सोडायला लागलं. मुलींची लग्नं व्हायची आणि सासरी पुन्हा तेच, कुणाला सांगू नको. सुनी फोन करायची. नंबर बंद. एका मुलाच्या घरी ती शोधत गेली, तर भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. ती परत आली आणि पिकोच्या मशिनवर बसून राहिली, मशीन न चालवता. मला म्हणाली, "अक्का, मी बोळ पार करून देते गं. पण पलीकडं घ्यायला कोण उभं आहे?" मी म्हटलं, निम्मी तर टिकतात ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी सुनीला सभ्यपणे विचारलं, "आपण हे कुणाच्या परवानगीनं करता?" परवानगी कुणाचीच नव्हती. निरोपाचे गुलाब बंद झाले, फोटो बंद झाला. मुलांना आता खिडकीतून नुसता कागद मिळायला लागला. हत्तीवर पांढरा रंग बसला. मग बोळात दुचाकींचं पार्किंग झालं आणि बाकडं फोडून टाकलं. सुनी घरून घडीचं स्टूल घेऊन जायला लागली, बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून पुढं दुसऱ्या बसनं, मांडीवर स्टूल. सुरक्षारक्षक तिला हटकायचा, "मॅडम, इथं बसायचं नाही." ती म्हणायची, "मी बसत नाही, पेशंट बसतो." काही महिने ते चाललं. तोवर तिचे पाय सुजायला लागले होते.

त्या चार वर्षांत पडलेला चरा नंतरच्या एवढ्या वर्षांच्या काटेकोरपणानं भरून आला नाही. वेग कमी झाला, एवढंच. डायलिसिस सुरू झालं. किडनी द्यायला माझा रक्तगट जुळला नाही, आप्पांचं वय आडवं आलं, आणि आईची तपासणी केली तर तिला साखर निघाली. खरी. त्या रांगेत तात्यांना सांगितलेलं खोटं असं पुढं येऊन उभं राहिलं. आई त्या दिवशी डॉक्टरांसमोर हसली... तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. अवयवदानाच्या यादीत नाव लावलं. यादी हलली असेल, आमच्यापर्यंत आली नाही.

डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून. सुनीच्या बाटलीवर पिकोच्या दोऱ्याची खूण बांधलेली होती, दिवसभरात तेवढंच. ज्या पोरीच्या आजाराची सुरुवात माठाशी झाली, तिचा शेवट पुन्हा तहानेवर आला. ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. आणि डॉक्टर राउंडला आले, की आई न सांगता शेजारच्या तांब्यातून घोट घेऊन तोंडात धरायची. ही शिकवण सुनीनं सगळ्या आयांना दिली होती, आपल्या आईला कधी दिली नव्हती. आईनं ती बघून उचलली होती. डॉक्टर विचारायचे, सुनी उत्तरं द्यायची, आई गाल फुगवून उभी. एकदा डॉक्टर गेल्यावर सुनी म्हणाली, "आई, गिळ ते. मला बघवत नाही." आई खिडकीशी गेली आणि तिनं ते पाणी बाहेर टाकलं. गिळलं नाही. त्यानंतर ती सुनीसमोर पाणी प्यायलीच नाही.

आणि मग तो दिवस. डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी होती. साखर उतरली असं समजून त्यांनी ती तिच्या ओठांवर रिकामी केली होती. मी पोचले तेव्हा सिस्टर ओल्या बोळ्यानं तिचं तोंड पुसत होत्या. घरी आणल्यावर कुणीतरी तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी पुढं केलं, तोंडात चमचाभर घाला म्हणून. आईनं चमचा बाजूला ठेवला. पेला भरून घेतला आणि ओतत राहिली. पाणी ओठांवरून मानेवर, मानेवरून उशीत. आमच्या काकी म्हणाल्या, "बास गं, बास." आई म्हणाली, "पिऊ दे तिला."

दहाव्याला प्राजक्ता आली होती. आता नोकरी करते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. बराच वेळ कोपऱ्यात बसून राहिली. निघताना मला बाहेर बोलावून म्हणाली, "ताईला सांगितलं नव्हतं मी. दोन वर्षं झाली, तिकडे गेलेच नाही. जुनाच डोस घेते." मग म्हणाली, "ताई असती तर ओरडली असती." मला ओरडता येईना. मी म्हटलं, येत्या गुरुवारी मी रजा काढते, बोळात थांबते, तू ये. ती "हो" म्हणाली, माझा नंबर घेतला. गुरुवारी मी सुनीचं घडीचं स्टूल घेऊन गेले. दुचाकींच्या मधे जिथं जागा मिळाली तिथं उभी राहिले, ओपीडी संपेपर्यंत. प्राजक्ता आली नाही. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. त्या वेळात मुलांच्या विभागाच्या खिडकीतून एक मुलगा कागद घेऊन आईबरोबर बाहेर पडला. माझी पदवी, माझी बँकेतली वर्षं, सगळं माझ्यापाशी होतं. पण त्या दोघांना हाक कशी मारायची ते मला कळेना. ते वळले आणि गेले.

आप्पांच्या सदऱ्याला अजून मुंग्या येतात. पुडी ते रोज नवी बांधतात. का, ते मी विचारलेलं नाही. घरी अजून माणसं भेटायला येतात. लांबची, उशिरा कळलेली. बसतात, पाणी घेतात, आणि कुणीतरी विचारतंच, "काय झालं होतं हो सुनीला?" प्रश्न आईला असतो. आई हात लांबवून तांब्या उचलते. एक घोट घेते, आणि गिळत नाही. गाल फुगलेले, डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे. पाहुणे वाट बघतात, मग माझ्याकडे वळतात. मीही त्याच दाराकडे बघते. आई तशीच बसून राहते, उत्तर जिचं आहे तिनंच ते द्यावं म्हणून.